अनिर्णितला तीन गुण

माझा नवरा वॉली चाळीस वर्षं
दर गुरुवारी स्वयंपाकघरात बसून कूपन भरायचा.
शनिवारचे कुठले आठ सामने बरोबरीत सुटतील,
एवढंच ओळखायचं. अनिर्णितला तीन गुण,
जिंकण्याला त्याहून कमी.
जिंकणं-हरणं कोणीही सांगेल, म्हणायचा,
बरोबरी ओळखायला अक्कल लागते.
त्या अकलेवर एकदा एकवीस पौंड आले
आणि आम्ही किटली घेतली.
ती गळते.

हिवाळ्यात मैदानं गोठायची, सामने रद्द व्हायचे.
मग तिकडे दक्षिणेत कुठल्याशा खोलीत
निवृत्त खेळाडूंचं मंडळ बसायचं
आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल लावायचं.
यजमान जिंकले असते.
पाहुणे जिंकले असते.
ही बरोबरी झाली असती.
पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल, म्हणून मी हसायचे.
आता वाटतं, या देशात
तेवढी एकच खोली नीट चालली होती.

परवा दारात एक मुलगा आला, हातात टॅब्लेट.
देश वेगळा व्हावा का?
ठाम हो, थोडंफार हो, थोडंफार नाही, ठाम नाही.
मी म्हटलं, सांगता येत नाही.
तो म्हणाला, तुम्ही तेरा टक्के आहात.
बरं वाटलं.
इन्व्हरक्रेग रोव्हर्सच्या मैदानात
गावाचे तेरा टक्के कधीच आले नाहीत.

आणि मी तरी काय सांगणार?
माझं नाव सेंगा.
इंग्रजीत अ‍ॅग्नेस उलटं लिहिलं की होतं.
आजीचं नाव ठेवायची रीत होती
आणि आईचं आजीशी पटत नव्हतं.
म्हणजे जन्मापासून बरोबरीच.

शनिवारी मी नि शेजारचा इंग्रम नेहमीच्या बाकावर.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला आमच्याकडे हार म्हणतात.
'हार आली,' इंग्रम म्हणाला.
सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

अर्ध्या तासात पलीकडचा गोल दिसेनासा झाला.
मग तिकडून मोठा ओरडा.
आनंदाचा की संतापाचा,
ते कळायला ओरडणारे ओळखीचे लागतात.
बातमी बाकाबाकावरून सरकत आली:
गोल झाला.
नाही, ऑफसाइड.
नाही, गोलकीपर बदलला.
नाही, मैदानात कुत्रं आलंय.
कुत्र्याची बातमी खरी निघाली. तपकिरी होतं,
आमच्याच बाजूने धुक्यातून बाहेर आलं,
आणि सगळ्या मैदानात
कुठे जायचंय ते त्या एकट्यालाच माहीत असावं.

इंग्रमच्या कानाशी रेडिओ.
'सरकार पडलं म्हणे.'
'कुठलं?'
'ते नीट ऐकू नाही आलं.'
आम्ही दोघांनी अर्धा अर्धा पाय खाल्ला, मटणाचा,
आत कोमट आणि एका कोपऱ्यात जळजळीत.

एकसष्टाव्या मिनिटाला रेफरीने शिट्टी वाजवली.
सामना सोडून दिला, असं नंतर कळलं.
त्या वेळी फक्त शिट्टी होती, आणि तीही
कुठून आली यावर मागच्या बाकावर वाद झाला.

घरी आल्यावर इंग्रम वॉलीच्या खुर्चीत बसला,
मग उठला, दुसरीवर बसला.
मी म्हटलं, चल, मंडळ बसलंय असं समजू.
सामना? एक-एक, तो म्हणाला,
आपल्या पोरांना तेवढं जमलं असतं.
सरकार? पाहुणे जिंकले असते.
तुझ्या कमरेचं ऑपरेशन?
पुढे ढकललं. तिसऱ्यांदा.
त्याला निकाल म्हणता येत नाही, मी म्हटलं.
'तो तर नक्की निकाल आहे,' तो म्हणाला.

मग मी फेरीचं विचारलं.
पलीकडच्या बेटावर माझी लेक असते, तिची पोरं असतात,
आणि दोन वर्षं कौन्सिलचं तळ्यात-मळ्यात चाललंय,
बोट राहणार की जाणार.
इंग्रमने रेडिओचं बटण फिरवलं.
खरखर आली, मग हवामान,
मग पुन्हा खरखर.

किटलीखाली फडकं ठेवायचं राहून गेलं होतं.